गोदीची जमीन आणि पडिकाचा प्रश्न

मुंबई बंदराची जमीन आता मोकळी झाली आहे, असे गेली दहा-बारा वर्षे सतत सांगितले जात आहे. २०१४ साली केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती नेमली. २०१८ साली पोर्ट ट्रस्टलाच या जमिनीचे विशेष नियोजन प्राधिकरण करण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी बाहेर आला. पोर्ट ट्रस्टच्या मालकीची सुमारे साडेसातशे हेक्टर जमीन, तीही मुंबईत आणि समुद्राकाठी! कापसाच्या वखारी, धान्याची कोठारे, लाकडी बंदर, कोळसा बंदर, जहाजे तोडण्याचा दारूखाना असा हा कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा पूर्व किनारा. उद्या तिथे समुद्रालगत फिरायचे रस्ते, बागा, क्रूझ जहाजांचे टर्मिनल, शौकाच्या होड्यांसाठी मरीना आणि कचेऱ्यांचे मनोरे असावेत, असे कल्पिले जात आहे. कल्पना वाईट नाही. मुंबईच्या माणसाला समुद्र दिसावा यात वाईट काय आहे?

माझा आक्षेप आहे तो ‘मोकळी’ या एका शब्दाला. हा शब्द आपल्या समाजाच्या चांगला ओळखीचा आहे. गावात गायरान पडून असते तोवर ते कुणाचेच नसते. त्यात एखाद्या भूमिहीन दलिताने नांगर घातला की त्याच दिवशी ते सरकारचे होते, गावाचे होते, गुरांचेही होते. आणि नांगर घालणारा अतिक्रमक ठरतो. जमीन मोकळी आहे की नाही हे जमिनीकडे पाहून ठरत नाही, तिच्यावर कोण उभा आहे हे पाहून ठरते. हा प्रश्न आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाने देशापुढे मांडला होता. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली एक मुख्य मागणी. लाखो माणसांनी अटक करून घेतली. आपले अभ्यासक या सत्याग्रहाकडे खेड्यातला लढा म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला मात्र वाटते की त्या लढ्याचा दुसरा अर्धा भाग शहरात लढायचा राहून गेला आहे, आणि त्याची जागा मुंबईची गोदी ही आहे.

नाशिकला समुद्र नाही. मग गोदीची उठाठेव नाशिकच्या एका शिक्षकाने का करावी, असे कुणी विचारील. त्याला मी प्रथम त्रिरश्मी डोंगरावर घेऊन जाईन. या बुद्ध लेण्यांना लोक अजून ‘पांडवलेणी’ म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही, पण तो विषय वेगळा. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी आपण धर्मशाळा बांधल्या, असे तो त्यात सांगतो. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर माणसांना फुकट पार नेणाऱ्या नावा ठेवल्या, असेही सांगतो. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकचा डोंगर पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची भाषा बोलत होता. घाटावरचा माल खाली उतरे तो सोपाऱ्याला. त्या नावा वल्हवत कोण होते, हे मात्र उषवदात सांगत नाही. राजाच्या जावयाने ते सांगावे अशी अपेक्षाही नको.

पण त्याच डोंगरावर दुसरेही एक लेणे आहे. मुगूदास नावाच्या ‘दासका’ने आपल्या कुटुंबासह केलेले ते दान आहे, असे तिथला लहानसा लेख सांगतो. दासक या शब्दाचा अर्थ अभ्यासक मासेमार, कोळी असा लावतात. पाण्यावर पोट असलेल्या एका साध्या माणसाचे नाव संघाच्या आश्रयाने खडकावर कोरले गेले आणि ते आज आपण वाचू शकतो. ही गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत आलो. जिथे बौद्ध धम्माचा संघ होता तिथे कोळ्यालाही दाता म्हणून नाव होते. पुढे ज्या व्यवस्थेने हा देश व्यापला तिने असल्या माणसाला नावाऐवजी जात दिली.

सोपारा बंदर गाळाने भरले आणि मेले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला तेव्हा ते एक खेडे होते. आज तेच नालासोपारा आहे: दाटीवाटीच्या इमारती आणि पहाटेपासून मुंबईची लोकल धरणारे कष्टकरी. बंदराचे शहर कसे होते याचा आपल्याकडचा एक नमुना असा आहे. त्याचे चित्र कुणी आधी काढलेले नव्हते.

मुंबईचे बंदर आणि नाशिक यांना जोडले ते रेल्वेने. १८६५ साली थळ घाटाची चढण पार झाली आणि इगतपुरी, नाशिक, मनमाड ही नावे मुंबईच्या बाजाराला जोडली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झालेला, लँकेशायरच्या गिरण्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावून बसलेल्या. तो कापूस याच वाटेने उतरला. मागोमाग माणसे उतरली. बलुत्यावर जगणाऱ्या, गावची पडेल ती कामे करणाऱ्या महारांना रेल्वेने गाव सोडण्याची वाट दिली. तिकिटाच्या पैशात जात विचारली जात नव्हती, एवढे तिचे उपकार आपण मान्य केले पाहिजेत.

त्यापुढे रेल्वेतही जात होतीच. १९३८ सालच्या फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्यातल्या मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांचे म्हणणे तिथलेच. ते वाक्य सर्वांना पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली होती, ती फारशी कुणाला आठवत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून जन्मभर रुळावर राबतो, पण त्याला पोर्टरची बढती मिळत नाही. कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरीही काम करावे अशी रीत, आणि घरात अस्पृश्य कसा चालेल! म्हणजे माणसाने ओझे वाहावे की नाही हेसुद्धा ओझे कोणत्या उंबऱ्यापर्यंत न्यायचे आहे यावरून ठरत होते. नाशिकला आम्ही हे आठ वर्षे आधी पाहिले होते. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात रामनवमीला रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढावा असा समझोता ठरला. ऐन वेळी सवर्णांनी रथ पळवला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. देवाचा रथ ओढायला आमचे हात विटाळाचे. मुंबईच्या गोदीत मालाचा गाडा ओढायला त्याच हातांना कुणी अडवले नाही.

अडवले नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरणीत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, त्यामुळे विटाळ होतो असे स्पृश्य कामगार म्हणत. आणि त्या खात्याला पगार जास्त होता हा योगायोग नव्हे. पाठीवरच्या पोत्याला असा विटाळ नव्हता आणि तसा पगारही नव्हता. गोदीत कोकणातले मराठे होते, घाटावरचे मराठे होते, मुसलमान होते, आणि महारही मोठ्या संख्येने होते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा सुशिक्षित वाचकांना धक्का बसला. पण आमच्याकडच्या पुष्कळांना त्यात आपलेच घर दिसले, कारण लेखकाचे वडीलही गोदीत कामाला होते. माझे आजोबा निफाड तालुक्यातून गेलेले. त्यांच्याकडून घरात उरल्या त्या वस्तू दोन: पोते ओढायचा लोखंडी आकडा आणि पितळेचा बिल्ला. आकड्याने आजीने पुढे कित्येक वर्षे सरपण ओढले.

आता ही गोदी केली कुणी, हे पाहू. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्सने पायाचा दगड ठेवलेली प्रिन्सेस गोदी १८८० साली सुरू झाली. १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आली. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, जिला आपण पुढे इंदिरा गोदी म्हणू लागलो. राजघराण्याची नावे दगडावर आहेत. पण या किनाऱ्यावरची पुष्कळशी जमीन मुळात जमीनच नव्हती. ती समुद्र होती. माझगाव ते शिवडी हा पट्टा विसाव्या शतकाच्या आरंभी भर घालून काढला गेला. अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेली माती आणि दगड शेजारी टाकून जी बावीस एकर जमीन तयार झाली तिच्यावर जॉर्ज विटेटच्या आराखड्याप्रमाणे बॅलार्ड इस्टेट उभी राहिली: रुंद रस्ते, एकसारख्या दगडी इमारती, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या. बंदराच्या जमिनीचे नागरी वस्तीत रूपांतर करण्याचा हा मुंबईतला पहिला प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. आज नव्याने आराखडा करणारे तिचा मोठ्या अभिमानाने दाखला देतात. त्या बावीस एकरांतली माती पाटीने ज्यांनी वाहिली त्यांना तिथे राहायला खोली किती मिळाल्या, हा प्रश्न त्या अभिमानात बसत नाही.

दादासाहेबांचा सवाल कसणाऱ्याच्या हक्काचा होता. इथे तर कसणे राहो, जमीनच हातांनी केलेली आहे. गावात निदान असे म्हणता येते की भूमी आधी होती, माणूस मागून आला. गोदीच्या जमिनीबद्दल तेही म्हणता येत नाही. या जमिनीचे वखारीचे भाडेपट्टे मात्र कंपन्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावाने झाले, पिढ्यान्पिढ्या चालले, आणि पट्टा संपल्यावरही भोगवटा सुटला नाही. त्या व्यापाऱ्याला ‘पट्टेदार’ म्हणतात. त्याच वखारीच्या भिंतीला टेकून ज्याने पत्रा उभा केला तो ‘झोपडीवाला’. भाषा किती काळजीपूर्वक काम करते पहा!

गोदीतल्या मजुराला फार काळ मालकच नव्हता. जहाज लागले की टोळीवाला माणसे उभी करी, मजुरी त्याच्या हातात येई, त्यातून तो आपला वाटा काढून उरलेले वाटी. जहाज नसेल तो दिवस उपासाचा. १९३१ साली रॉयल कमिशनने ही रोजंदारीची अनिश्चितता मोडावी अशी शिफारस केली. कायदा झाला तो १९४८ साली, बाबासाहेब देशाचे कायदामंत्री असताना. आणि मुंबईचे डॉक लेबर बोर्ड १९५१ साली सुरू झाले. नोंदणी, पाळी, काम नसलेल्या दिवसाची ठरावीक रक्कम हे त्यानंतरचे. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी बांधलेल्या संघटनेचा यात मोठा वाटा होता. गोदीच्या भिंतीलगतच्या फ्रियर रोडला आज त्यांचे नाव आहे. त्या सगळ्या किनाऱ्यावर कामगारांच्या बाजूचे एवढे एक नाव माझ्या पाहण्यात आहे.

याच्या आधीची एक तारीख इथे सांगितली पाहिजे. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेब त्या दिवशी त्रेपन्न वर्षांचे झाले; व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, त्याच्याच पोटात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. आग आधी कापसाला लागली. मांडवी, मस्जिद बंदरापर्यंतच्या वस्त्या जळाल्या. आग विझवताना सहासष्ट जवान गेले. त्यांच्या स्मृतीत १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, आणि तो योग्यच आहे. त्या जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटाने त्या उडाल्या, काही गाळात रुतल्या, काही दूरच्या घरांवर जाऊन पडल्या. प्रत्येक विटेवर क्रमांक होता, म्हणून सापडेल तसतशी ती ओळखून परत जमा करता आली. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र आज ऐंशी वर्षांनंतरही एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरा आहे. रोजंदारीवरच्या माणसाला क्रमांक नव्हता. दर वर्षी १४ एप्रिलला नाशिकच्या रस्त्यांवर निळा जनसमुदाय लोटतो. त्या दिवशी गोदीत ज्यांच्या चिंध्या झाल्या त्यांत आपलेही होते, हे एखाद्या जयंतीच्या व्यासपीठावरून सांगितले गेलेले मी तरी ऐकलेले नाही.

पुढची गोष्ट पेटीची आहे. पूर्वी जहाज रिकामे व्हायला दिवसचे दिवस लागत. तळाशी उतरलेली टोळी झोळीत पोती भरे, क्रेन ती वर घेई, धक्क्यावरची टोळी ती उतरवून वखारीत रचे. १९५६ साली अमेरिकेत मॅल्कम मॅक्लिन याने पोती-पेटारे सगळे एकाच लोखंडी पेटीत घालून ती पेटीच उचलायची असे ठरवले. कंटेनर म्हणतात ती हीच. शंभर पाठींचे काम एका क्रेनवर आले. मुंबईच्या जुन्या गोद्या या पेटीला अरुंद आणि उथळ पडल्या, म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर काढले गेले आणि ते १९८९ साली सुरू झाले. त्याच्या परिसरातल्या जमिनींसाठी उरणच्या शेतकऱ्यांनी १९८४ सालच्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. गोळीबारात पाच जण मारले गेले. तो बहुतांशी आगरी-कोळी समाजाचा लढा होता. त्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याचे तत्त्व पुढे आले. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे: ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला वाटा मिळाला. पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच पेटीने ज्यांचे काम नेले त्यांच्या नावावर काय होते? एक बिल्ला.

आज लासलगावचा कांदा आणि निफाडची द्राक्षे त्याच पेटीतून न्हावा-शेव्याला जातात. आमच्या भागाचे बंदराशी नाते तुटलेले नाही, फक्त माणूस त्यातून वगळला गेला.

मुंबईत जमीन ‘मोकळी’ होण्याचा आणखी एक अनुभव आपल्या डोळ्यांदेखत झालेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप मोडला, गिरण्या बसल्या, जमीन उरली. १९९१ सालच्या नियमाने त्या जमिनीचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरली. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची होणार, आणि मोकळी म्हणजे जिच्यावर आधीपासून बांधकाम नव्हते तेवढीच. गिरणीचे छप्पर पाडून निघालेली जमीन मोकळी धरायची नाही! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम उचलून धरला. वाटा द्यायची वेळ आली तेव्हा गिरणीची जमीन मोकळी नव्हती. मनोरे बांधायची वेळ आली तेव्हा मात्र ती मोकळी होती. बंदराच्या बाबतीत हा शब्द कुणाच्या तोंडून आणि कोणत्या कलमात येतो, यावर म्हणूनच डोळा ठेवला पाहिजे.

गिरण्यांच्या या हिश्शांत आपल्या चळवळीने एक जागा मिळवली, दादरची इंदू मिल. २०११ सालच्या ६ डिसेंबरला कार्यकर्ते आत शिरले, पुढच्या वर्षी केंद्राने साडेबारा एकरांची ती जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला देण्याचे जाहीर केले. चैत्यभूमीला लागून असलेली ती जागा मिळाली याचा आनंद कुणाला झाला नाही? पण एक गोष्ट मला खुपते. आपण स्मारकाची जमीन मागताना घराची जमीन मागितली नाही. बाबासाहेब स्वतः वीस-बावीस वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले. चाळीत राहून ज्याने पुढे मजूर पक्ष काढला त्याच्या अनुयायांनी चाळ जाताना मुकाट पाहावे आणि पुतळ्याच्या उंचीवर वाद घालावा, हे काही बरोबर नाही.

बाहेरच्या जगात असे रूपांतर जिथे झाले त्या लंडनचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते पुरते पाहावे. लंडनच्या वेस्ट इंडिया गोद्या १८०२ साली उघडल्या त्या मुख्यतः साखरेसाठी, आणि ती साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली होती. १८८९ साली तिथल्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मागून संप केला. १९८० च्या सुमारास गोद्या बंद पडल्या. १९८१ साली सरकारने विकास महामंडळ नेमले, निवडून आलेल्या स्थानिक मंडळांच्या हातून नियोजनाचे अधिकार काढून घेतले, आणि दहा वर्षांत तिथे बँकांचे मनोरे उभे राहिले. जुन्या गोदी कामगारांच्या मुलांना त्यांत काम मिळाले नाही, घर त्यांना परवडेना. एवढी कथा आपल्याकडेही होईल. पण त्या कथेला पुढचे एक प्रकरण आहे. साखरेच्या एका जुन्या वखारीत २००३ साली गोद्यांचे संग्रहालय झाले आणि २००७ साली तिथे गुलामगिरीच्या इतिहासाचे दालन उघडले. त्या वखारीसमोर गुलामांचा मालक असलेल्या रॉबर्ट मिलिगनचा पुतळा होता. २०२० सालच्या जूनमध्ये लोकांच्या रेट्याने तो उचलावा लागला. काळ्या माणसांनी दोनशे वर्षांनी तिथे येऊन विचारले, ही साखर कुणाची? आपल्याकडे कॉटन ग्रीनच्या वखारीसमोर उभे राहून हा कापूस कुणी वाहिला, असे विचारायला दोनशे वर्षे थांबावे काय?

आज त्या जमिनीवर राहतात ती सगळी आपली माणसे नाहीत, हे मला ठाऊक आहे. कौला बंदर, दारूखाना, रे रोड या भागात तमिळनाडूतून आलेली कुटुंबे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे मुसलमान कारागीर आहेत, जहाजे तोडणारे आहेत. कौला बंदरात माणशी पाण्याची ददात आहे. जमीन केंद्राच्या मालकीची म्हणून महापालिका नळ देत नाही आणि राज्याची झोपडपट्टीची योजना तिथे सहज पोचत नाही. राज्य म्हणते केंद्राकडे जा, केंद्र म्हणते तुम्ही अतिक्रमक. गावकुसाबाहेरच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी नव्हते. गोदीच्या कुसाबाहेर हीच स्थिती आहे, फक्त जात विचारण्याऐवजी कागद विचारला जातो. ज्यांच्या आज्यांनी पोती वाहिली त्यांचा हक्क आणि जे आज पत्र्याखाली राहतात त्यांचा हक्क, हे दोन हक्क एकमेकांविरुद्ध लावून देण्याचा प्रयत्न होईल. तो होऊ देऊ नये. दादासाहेबांच्या सत्याग्रहात जमीन मागताना केवळ महारांसाठी मागितली नव्हती, सर्व जातींच्या भूमिहीनांसाठी मागितली होती.

नोकरीचाही प्रश्न आहे. पोर्ट ट्रस्ट ही सार्वजनिक संस्था, म्हणून तिथे राखीव जागा होत्या. हमालाचा मुलगा तिथे कारकून झाला आणि त्याची मुलगी शिकून पुढे गेली. नव्या वस्तीत हॉटेले येतील, टर्मिनल येतील, खाजगी कंपन्या त्या चालवतील. राखीव जागांचे धोरण त्या भिंतीपाशी संपते. जमीन सार्वजनिक राहते आणि नोकऱ्या खाजगी होतात, ही युक्ती आपल्या विद्यार्थ्यांनी नीट तपासली पाहिजे.

मग या किनाऱ्याचे उद्याचे रूप काय असावे? माझ्या मनातले चित्र फार भव्य नाही. आज तिथे राहणाऱ्यांना तिथेच पक्की घरे. नव्या बांधकामातला ठरावीक हिस्सा कष्टकऱ्यांच्या भाड्याच्या खोल्यांसाठी, विक्रीसाठी नव्हे. कारण विकत दिलेले घर दहा वर्षांत दुसऱ्याच्या हाती जाते हे गिरणगावात पाहून झाले आहे. लाकडी बंदर, कोळसा बंदर, हाजी बंदर ही नावे तशीच राहावीत. ती मालाची आणि मेहनतीची नावे आहेत, त्यांच्या जागी विलायती नावे नकोत. धान्याच्या एका कोठारात गोदी कामगारांचे संग्रहालय, आणि तिथे चौदा एप्रिल १९४४ ची भिंत: जेवढी नावे मिळतील तेवढी कोरलेली, आणि न मिळालेल्यांसाठी जागा कोरी सोडलेली. समुद्रावर जायला तिकीट नको. उषवदाताने सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या होत्या, तो तर राजाचा जावई होता. आपण लोकशाहीत आहोत.

संग्रहालय कागदावर उभे राहते, आणि कागद झपाट्याने नाहीसे होत आहेत. डॉक लेबर बोर्ड नव्वदच्या दशकात पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. त्याच्या नोंदवह्यांत कामगारांची नावे, गावे, टोळी क्रमांक आहेत. त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी कुणीतरी मागितल्या पाहिजेत. आमच्या बाजूने काम सोपे आहे. सिन्नर, दिंडोरी, निफाड, येवला, नांदगाव या तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये गोदीत राबलेली काही म्हातारी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्या बायका, सुना तर पुष्कळ आहेत, आणि घर कसे चालले हे त्यांनाच जास्त ठाऊक आहे. इतिहासाचे जे विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत आमच्याकडे येतात त्यांना मी हल्ली त्या तालुक्यांची नावे आणि एक प्रश्नावली देतो. पहिला प्रश्न गावाचा, दुसरा टोळीवाल्याच्या नावाचा, तिसरा मुंबईत पहिल्या रात्री कुठे झोपलात याचा. बिल्ला, पासबुक, युनियनची पावती, काहीही असेल तर त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ वस्तू त्याच घरी परत ठेवावी.